तरंगणे, तरणे आणि तारण

गेल्या श्रावणातील गोष्ट. सायंकाळची आरती आटोपून मी सभामंडपातील समया पुसत बसलो होतो. माझ्या आतेबहिणीचा सहावीतील मुलगा इंग्रजीचे पुस्तक घेऊन जवळ आला आणि म्हणाला, "मामा, फ्लोट म्हणजे काय?" मागचापुढचा विचार न करता "तरंगणे" असे सांगून मी मोकळा झालो. मुलगा क्षणभर पुस्तकात पाहत राहिला. मग त्याने धड्यातील वाक्य वाचून दाखविले. त्याचा अर्थ असा होता की, दुकानदाराने सकाळी दुकान उघडले आणि प्रथम फ्लोट मोजला. "म्हणजे त्याने तरंगणे मोजले का?" असे त्याने विचारले, तेव्हा जवळच जपाला बसलेल्या दोन आजोबांनासुद्धा हसू आवरले नाही.

प्रस्तुत लेखकाचे शाळेतील शिक्षण बारावीपुढे गेलेले नाही. पौरोहित्याचे जे थोडेबहुत येते ते वडिलांच्या मांडीला मांडी लावून शिकलो. त्यामुळे इंग्रजी शब्दाची फोड करण्याचा माझा अधिकार तो किती! परंतु त्या दिवशी त्या एका शब्दाने मला असे काही धरून ठेवले की, घरी जाऊन कोश उघडल्याशिवाय चैन पडेना. आणि कोश उघडल्यावर अधिकच चैन पडेना. कारण दुकानदाराचा तो फ्लोट म्हणजे काय, हे मला पंधराव्या वर्षापासूनच ठाऊक होते, फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते. ती हकीकत पुढे येईल. समितीच्या ज्येष्ठांना ती आधी सांगितली असून त्यांच्या संमतीनेच येथे लिहीत आहे.

या शब्दाचा विस्तार पाहून मनुष्य थक्क होतो. गळ टाकून बसलेल्या मनुष्याच्या दोरीला जे बूच पाण्यावर डुलत असते ते फ्लोट. घराच्या गच्चीवरील टाकीत पाणी भरले म्हणजे नळ आपोआप बंद करणारा जो पोकळ चेंडू असतो, तोही फ्लोट. भिंतीचा गिलावा सारखा करण्यासाठी गवंडी ज्या लाकडी फळीने ओल्या चुन्यासिमेंटवरून हात फिरवितो, तिलाही इंग्रजीत हेच नाव आहे. नवी कंपनी काढून तिचे भाग लोकांत विक्रीस काढणे, यासही फ्लोट करणे म्हणतात. एखाद्या देशाच्या चलनाची किंमत सरकारने न ठरविता बाजारावर सोपविली म्हणजे ते चलन तरते झाले असे म्हणतात. आपला रुपया १९९३ च्या मार्च महिन्यापासून, रिझर्व्ह बँकेची नजर राखून का होईना, असा तरता आहे. ज्याचे मत कोणत्याच पक्षाशी बांधलेले नाही तो तरता मतदार. आणि मिरवणुकीत सजवून काढलेला चित्ररथ, तोही फ्लोटच. लंडनच्या लॉर्ड मेयरची मिरवणूक पूर्वी काही शतके थेम्स नदीतून शृंगारलेल्या नौकांमधून निघत असे; ती पुढे रस्त्यावर आली, नौकांच्या जागी गाडे आले, परंतु नाव पाण्यातलेच राहिले, असे सांगतात.

इंदूरकरास चित्ररथ म्हटले की दुसरे काही आठवतच नाही. अनंत चतुर्दशीची रात्र, मिलांच्या झांक्या आणि रस्त्याच्या दुतर्फा पहाटेपर्यंत उभी राहिलेली माणसे. त्या झांक्यांकडे मला परत यावयाचे आहे. परंतु त्याआधी आपल्या भाषेच्या घरात थोडे डोकावू.

आपल्याकडे एका शब्दाने हे सारे भागत नाही. पाण्यावर पडून राहावयाचे ते तरंगणे. हातपाय मारावयाचे ते पोहणे. आणि संकटातून, दुष्काळातून, आजारातून, किंवा या संसारसागरातूनच पार पडावयाचे ते तरणे. पान तरंगते, मनुष्य तरतो. दुसऱ्यास पार नेणे ते तारणे, नेणारा तो तारक, आणि ज्यातून नेतो ते तारू. जेथून नदी सुखरूप ओलांडता येते ते तीर्थ. हा शब्दही त्याच 'तॄ' धातूपासून आलेला आहे. वरून खाली उतरून येणारा तो अवतार, तोही त्याच धातूचा. म्हणजे आपण देवळात येऊन जे जे शब्द उच्चारतो त्यांपैकी निम्मे पाण्याच्या काठचेच आहेत, असे म्हटले तरी चालेल.

आणि या कुळात एक शब्द असा निघाला आहे की तो पाहून मी थबकलो. तो म्हणजे 'तारण'. कर्ज काढताना दागिना, शेत किंवा घर सावकाराजवळ ठेवावयाचे, त्याला आपण तारण म्हणतो. विचार करा, हे तारण तारते कोणाला? कर्ज बुडाले तर त्यातून सावकार तरतो. ऋणको त्यात आपले घर गमावतो, आणि तरीही शब्द तोच. भाषा कधी कधी असे काही बोलून जाते की बोलणाऱ्यासही ते कळत नाही.

शाळेत असताना विज्ञानाच्या तासाला एक नियम घोकला होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूज नगरीत राहणाऱ्या आर्किमिडीजचा तो नियम. पाण्यावर तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. लोखंडाचा खिळा बुडतो, कारण त्याच्या आकाराएवढे पाणी त्याच्याहून फार हलके असते. परंतु त्याच लोखंडाचे पोकळ, पसरट जहाज केले तर ते हजारो मण माल घेऊन तरंगते, कारण ते स्वतःच्या भाराइतके पाणी दूर सारू शकते. तेव्हा हा नियम मी गुणांसाठी पाठ केला. आज वाटते की त्यात केवळ विज्ञान नाही. तरंगणारा कोणीही जागा न अडविता तरंगत नाही. तो आपल्या भाराइतके कोणास तरी दूर सारीत असतो. पाणी तक्रार करीत नाही, एवढेच.

मग माणसांचे काय? मी तरतो तेव्हा कोणास दूर सारतो, आणि त्याला ते ठाऊक असते काय? हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. तो कसा सुचला, ते आता सांगतो.

मी दहावीत होतो. देवळाच्या पावतीच्या टेबलावर शाळेतून आल्यावर मी बसत असे. तेथे एका पत्र्याच्या डब्यात चारशे रुपयांची मोड नेहमी ठेवलेली असे; दहाच्या नोटा आणि पाच, दोन, एक रुपयांची नाणी. कोणी पन्नासची किंवा शंभरची नोट देऊन अकरा रुपयांची पावती फाडली, तर परत द्यावयास ती उपयोगी पडे. रोजची वर्गणी, दक्षिणा निराळ्या पेटीत जाई. रात्री हिशेब झाला की डब्यात पुन्हा चारशेची मोड भरून ठेवावयाची, असा वडिलांचा दंडक. या डब्यालाच इंग्रजीत फ्लोट म्हणतात, हे मला त्या श्रावणात कळले.

त्या दिवशी परीक्षेचा अर्ज भरण्याची अखेरची मुदत होती. शुल्क तीनशेऐंशी रुपये. पैसे घरी कपाटात होते. किल्ली आईजवळ, आणि आई साडेसात वाजता यावयाची. वडील देवासला सत्यनारायणासाठी गेलेले. दुपारी चार वाजता मी डब्यातील तीनशेऐंशी रुपये घेतले, धावत जाऊन अर्ज भरला आणि पाचच्या आत टेबलावर परत येऊन बसलो. साडेसातला आई आली, मी कपाटातून पैसे घेतले आणि डब्यात ठेवले. साडेतीन तासांचा काय तो प्रश्न. त्यात चोरीचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मधल्या वेळात पाऊस लागला होता. फारसे कोणी आले नाही. सहाच्या सुमारास एक म्हातारी आली. अंगावर विटलेले नऊवारी, हातात छत्रीऐवजी पोते पांघरलेले. तिने पन्नासची नोट पुढे केली आणि नातवाच्या नावाने अकरा रुपयांची पावती मागितली. परत द्यावयाचे एकोणचाळीस रुपये. डब्यात वीसच रुपये होते. निदान ते वीस तरी मी तिला द्यावयास हवे होते. परंतु डबा उघडला तर तो रिकामा दिसेल, या लाजेने मी तो उघडलाच नाही. म्हणालो, "आजी, सुटे नाहीत."

तिने नोटेकडे एकदा आणि मूर्तीकडे एकदा पाहिले. "राहू दे बाळा, पुढच्या वेळेला देशील," असे म्हणून पावती पदराला बांधून ती पावसात निघून गेली.

रात्री वडील आले. हिशेबाला बसले. डबा उघडला आणि म्हणाले, "रक्कम आहे, मोड कोठे आहे?" मी घाईत शंभराच्या तीन आणि पन्नास-दहाच्या नोटा ठेवल्या होत्या. बेरीज बरोबर चारशे होती. परंतु तो आता मोडीचा डबा नव्हता, नुसते चारशे रुपये होते. नंतर त्यांनी पेटीतील रक्कम पावत्यांशी पडताळली. एकोणचाळीस रुपये जास्त निघाले. वडिलांनी चष्मा काढून ठेवला. मग मला सारे सांगावे लागले.

त्यांनी मारले नाही, रागावलेही नाहीत. मी मात्र तोंडातोंडी वाद घातला, कारण मला खरोखरच माझे चुकलेले वाटत नव्हते. मी म्हणालो, पैसे पडूनच तर होते. ते कोणाच्या कामाचे नव्हते. मी घेतले आणि जसेच्या तसे ठेवले. उलट देवाच्या पेटीत एकोणचाळीस रुपयांची भर पडली. यात तोटा कोणाचा?

वडील म्हणाले, "टाकीतला चेंडू दिवसभर पडूनच असतो. तो काढून तुला दोन तास खेळावयास दिला तर चालेल का?"

त्या वेळी मला हे उत्तर म्हणजे केवळ बोलण्यातील चातुर्य वाटले. पुढे कित्येक वर्षे ते मनात राहिले. काही वस्तूंचे काम असे असते की ते आळसासारखे दिसते. गळाचे बूच पाण्यावर नुसते बसलेले असते. बसणे हेच त्याचे काम. मोडीचा डबा रिकामा पडून नव्हता. तो त्या म्हातारीची वाट पाहत होता. ती येण्याआधी तो निरुपयोगी दिसत होता, आणि ती आली तेव्हा तो जाग्यावर नव्हता.

आणखी एक गोष्ट वडिलांनी विचारली. "पाच ते साडेसात या वेळात तुला रस्त्यात गाडीने उडविले असते, तर ते तीनशेऐंशी रुपये कोणाचे बुडाले असते?" परत करण्याचा माझा हेतू शुद्ध होता, हे त्यांना मान्य होते. परंतु हेतू माझा आणि जोखीम देवळाची, हा कोठला न्याय? दुसऱ्याच्या पैशावर आपण जेव्हा थोडा वेळ तरतो, तेव्हा पैसा उसना घेतोच, शिवाय त्याचे धैर्यही न विचारता उसने घेतो.

आता येथे एक आक्षेप निघेल, आणि तो मी स्वतःशीच अनेकदा काढला आहे. सारे जग तर अशाच तरत्या पैशावर चालते! बँकेत चेक भरला आणि तो वटला, या दोहोंमधील काळात रक्कम एकाच्या हातून सुटलेली आणि दुसऱ्याच्या हाती न पडलेली अशी असते. बँकेच्या भाषेत तीच तरती रक्कम. बाहेरगावचा चेक वटावयास पूर्वी आठवड्यांमागून आठवडे जात. आता हा काळ पुष्कळ आटला आहे. विमा-कंपनीचे तर सारे गणितच त्यावर आहे. हप्ते आज घ्यावयाचे आणि नुकसानभरपाई पुढे केव्हातरी द्यावयाची. मधल्या काळात ती रक्कम कंपनीच्या हाताशी असते. अमेरिकेतील प्रसिद्ध धनिक वॉरेन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीची भरभराट पुष्कळशी याच पैशाच्या कुशल वापरावर झाली. मजेची गोष्ट अशी की ही कंपनी मुळात एक कापडगिरणी होती. बफे यांनी ती १९६५ मध्ये ताब्यात घेतली, १९६७ मध्ये विमा-कंपन्या विकत घेतल्या, आणि १९८५ मध्ये कापडाचे काम बंद झाले. गिरणी बुडाली, नाव तरले. यात अन्याय म्हणावा असे काही नाही, कारण विमा घेणाऱ्यास हे ठाऊक असते. त्याने सही केलेली असते. आणि वाणी जो महिनाभर उधार देतो, तोही तर आपल्या पैशावर गिऱ्हाइकाला तरवीतच असतो. सारी तरती रक्कम पापाची म्हटली तर उद्या सकाळी चहाचे दूधसुद्धा घरात यावयाचे नाही.

म्हणून भेद कोठे करावयाचा? माझ्या अल्पमतीप्रमाणे तो असा: ज्याचा पैसा तरता आहे त्यास ते ठाऊक आहे की नाही, आणि "नाही" म्हणण्याची त्याची प्राज्ञा आहे की नाही. वाणी नाही म्हणू शकतो. म्हातारी म्हणू शकत नव्हती, कारण मी तिला खरे सांगितलेच नव्हते.

आता झांक्यांकडे येतो.

इंदूरच्या अनंत चतुर्दशीस कापडगिरण्यांच्या झांक्या निघण्याची प्रथा सुमारे शंभर वर्षांची आहे, आणि शेठ हुकुमचंद यांच्या मिलचे नाव तिच्याशी प्रथमपासून निगडित आहे. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या मिलांच्या कामगारांनी रामायण-महाभारतातील प्रसंग हालत्या पुतळ्यांतून आणि दिव्यांतून उभे करावयाचे आणि रात्रभर शहरास दाखवावयाचे. आपल्या मराठी कुटुंबांतील कित्येक आजोबा-पणजोबा या मिलांत खात्यांवर होते. कोणाच्या घरी अजूनही त्या वेळच्या चादरी असतील. पुढे एकामागून एक भोंगे थांबले. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबर महिन्यात बंद पडली. मिल बंद पडली, पण झांकी बंद पडली नाही. ज्यांचा पगार थांबला होता त्या कामगारांनीच वर्गण्या गोळा करून, मिळेल तेथून साहाय्य घेऊन ती दरवर्षी काढली. जहाज तळाला गेले आणि त्यावरील शीड तेवढे पाण्यावर डोलत राहिले, असे हे दृश्य. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते पाहताना मला फक्त हनुमंताचा हलणारा हात दिसत असे. त्याखालची गाडी ओढणाऱ्या माणसांची थकबाकी दिसत नसे.

ती थकबाकी मिळावयास २०२३ चा २५ डिसेंबर उजाडावा लागला. त्या दिवशी सुमारे ४,८०० कामगारांसाठी सुमारे २२४ कोटी रुपये देण्याचा समारंभ झाला. सरासरी काढली तर माणशी साडेचार लाखांहून थोडे अधिक. बत्तीस वर्षे! या बत्तीस वर्षांत कित्येक कामगार निवर्तले. त्यांचे पैसे वारसांच्या हाती पडले. १९९१ मधील रुपया आणि २०२३ मधील रुपया यांत किती अंतर आहे, ते बाजारहाट करणाऱ्या गृहिणींना मी काय सांगावे? न्यायालयात दावे चालले, मिलच्या जमिनीचा प्रश्न होता, देणेकऱ्यांची रांग होती. प्रत्येक कारण आपापल्या जागी खरे असेल. परंतु चेक भरल्यापासून वटेपर्यंतच्या काळास जर तरता काळ म्हणतात, तर जगात इतका लांब तरता काळ फारसा झाला नसावा. एवढी रक्कम बत्तीस वर्षे पाण्यावर होती आणि तिच्या भाराइतके जे दूर सारले गेले, त्यात मुलांच्या शाळा होत्या, लग्ने होती, औषधे होती.

आमच्या गल्लीत एका बंद पडलेल्या मिलमधील एक काका राहत. ते एकदा वडिलांना म्हणाले होते, "गुरुजी, पैसे बुडाले असते तर रडून मोकळा झालो असतो. बुडतही नाहीत आणि मिळतही नाहीत, याचेच दुःख आहे." त्या वेळी मी लहान होतो, तरी हे वाक्य लक्षात राहिले. बुडण्याला निदान शेवट असतो.

बुडणे नेहमीच वाईट, असेही नाही. त्याच अनंत चतुर्दशीस आपण शाडूचा गणपती पाण्यात सोडतो तेव्हा तो तळाशी जाऊन विरघळावा, हीच अपेक्षा असते. ते विसर्जनाचे सार्थक. प्लास्टरच्या मूर्तीचा हात दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगताना दिसला म्हणजे भाविकाच्या पोटात कालवते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी नियमावली काढली, ती पाण्यासाठी होती. पण श्रद्धेच्या दृष्टीनेही ते योग्यच झाले.

या संदर्भात तुकोबांची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गाथा इंद्रायणीत बुडविली आणि तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली, ही कथा लहान मुलासही ठाऊक असते. परंतु त्याच इंद्रायणीत तुकोबांनी त्याआधी आणखी काही बुडविले होते, ते आपण विसरतो. त्यांचे घर सावकारीचे. १६३०–३२ चा तो भयंकर दुष्काळ होऊन गेल्यावर लोकांकडे येणे असलेली खतपत्रे त्यांनी काढली, धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते नदीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. ती खते तेरा दिवसांनी वर आली नाहीत. येऊ नयेत म्हणूनच सोडली होती. एकाच नदीने एक कागद ठेवून घेतला आणि दुसरा परत केला. भाविक त्यातील दुसऱ्या गोष्टीला चमत्कार म्हणतात. मला पहिलीही तेवढीच मोठी वाटते. आणि त्यातही कान्होबांचा वाटा त्यांना न विचारता बुडविला नाही, ही बारीक गोष्ट विशेष आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या कागदावर आपले औदार्य दाखवावयाचे नसते, हे त्या वैराग्याच्या लाटेतही त्यांना स्मरले.

इंदूरमध्ये राहून देवी अहिल्याबाईंचे नाव न घेता हा विषय कसा संपणार! १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरी राहून त्यांनी कारभार केला. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे, घाट, धर्मशाळा यांवर त्यांनी जो खर्च केला, तो खासगीतून. दौलतीचा खजिना निराळा, खासगी निराळी. दोन्ही किल्ल्या एकाच घरात, परंतु एका थैलीतील नाणे दुसऱ्या थैलीत "संध्याकाळपर्यंत" म्हणूनसुद्धा जावयाचे नाही, अशी ती शिस्त. माझ्यासारख्या पोराने पत्र्याच्या डब्यातून तीनशेऐंशी रुपये उचलले त्याच्याशी एवढ्या मोठ्या नावाचा संबंध जोडणे धाष्टर्याचे होईल. पण पुण्यकार्यासाठीसुद्धा थैली बदलली नाही, ही गोष्ट वडिलांनी त्याच रात्री मला सांगितली होती, म्हणून लिहिली.

माझे समाधान मात्र सर्वस्वी झालेले नाही. अर्जाची मुदत त्या दिवशी संपत होती, हे खरे. मुदत चुकली असती तर विलंब-शुल्क पडले असते, कदाचित वर्षही गेले असते. आजही तसाच प्रसंग आला तर काय करीन? डब्यास हात लावणार नाही, असे म्हणणे सोपे आहे. त्या दिवशी शेजारच्या हारवाल्या काकांकडे मी मागू शकलो असतो. त्यांनी दिलेही असते. मागितले नाही, कारण मागण्यात मानहानी वाटली आणि न विचारता घेण्यात वाटली नाही. हा उलटा हिशेब माझ्या मनाने केला कसा, याचा मला आजही उलगडा होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस मी त्या म्हातारीस शोधले. पावतीवर नातवाचे नुसते नाव होते. आडनाव नाही, पत्ता नाही. भाजीबाजारात विचारले, मागच्या चाळींत विचारले. ती पुन्हा आली नाही, किंवा आली असेल तर मी टेबलावर नसताना. वडिलांनी ते एकोणचाळीस रुपये देवाच्या पेटीत जमा करू दिले नाहीत. खजिनदारांनी वहीत ते 'अनामत, परत देणे' असे लिहिले. दरवर्षी चैत्रात नवी वही लागते, तेव्हा ती ओळ पुढच्या वहीत उतरवावयाची असते. पहिली दोन वर्षे खजिनदारांनी उतरविली. पुढे ते काम माझ्याकडे आले. रुपये एका पाकिटात आहेत. तीन दहाच्या नोटा, एक पाचचे नाणे, दोनची दोन.

आतेबहिणीच्या मुलास मी दुसऱ्या दिवशी त्याच्या वहीत अर्थ लिहून दिला: 'गिऱ्हाइकास परत देण्यासाठी गल्ल्यात ठेवलेली मोड.' त्याने तो वाचला आणि विचारले, "मामा, मग याला तरंगणे का म्हणतात?" मी त्याला टेबलापाशी नेऊन डबा उघडून दाखविला. त्याने आतली नाणी मोजली. चारशे भरली. मग पाकिटाकडे बोट करून म्हणाला, "आणि हे कोणाचे?"